कागद मागायला लाजू नकोस

प्रिय लेकी,

चिपळूणला बदली झाल्याचं कळलं. आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली, म्हणून फोन न करता लिहितेय.

तू परळला वाढलीस. भाड्याचं घर म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर एजंट, महिन्याभराची दलाली, सोसायटीची एनओसी हेच येणार. इथे करार मागावा लागत नाही. एजंटच करारनोंदणीसाठी अंगठा घेणाऱ्या माणसाला दारात आणून उभा करतो. तिकडे घर सांगतो मेडिकलवाला, नाहीतर बँकेतला शिपाई. मालक खाली राहतात, तू वर. पहिल्याच भेटीत चहा-पोहे येतात, "गाव कुठलं तुमचं?" म्हणता म्हणता ओळख निघते आणि कराराचा विषय काढलास की म्हणतात, "कागद कशाला? आपलीच माणसं."

माझ्या पहिल्या पोस्टिंगला मी हेच ऐकलं आणि गप्प बसले. तीन हजार डिपॉझिट हातात दिलं, पावतीही घेतली नाही. काका सज्जन होते, घरी माशाचं कालवण झालं की वाटी वर यायची. दीड वर्षाने ते अचानक गेले. मुलं पुण्याहून आली, त्यांना डिपॉझिटचं काहीच ठाऊक नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती, पण माझ्याकडेही दाखवायला काही नव्हतं. कागद मालकावर अविश्वास म्हणून करायचा नसतो गं, त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी करायचा असतो. संकोच वाटला तर त्यांना हेच सांग.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, आपल्या राज्यात लागते. खर्चही फार नाही. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, त्यात डिपॉझिटवरच्या दहा टक्के वार्षिक व्याजाचा हिशेब, आणि वर नोंदणी फी. आठ हजार भाडं नि पंचवीस हजार डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क तीनशेच्या आत बसतं. ऑनलाइन होतं, आधार पुरतं. निम्मा खर्च तू उचल, म्हणजे बोलणंच सोपं होईल. डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइन दे.

आता पाण्याचं. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली तेव्हा वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणातही शिरलं होतं, आणि २२ जुलै २०२१ ला तर बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले. म्हणून घर बघताना शेजारच्या दुकानदाराला एवढंच विचार, "एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं?" तो हात वर करून भिंतीवर दाखवेल. मालक सांगणार नाहीत असं नाही, पण दुकानदाराला घर भाड्याने द्यायचं नसतं. तळमजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस. दुसरं, एप्रिल-मेमध्ये विहिरीला पाणी असतं का, नळ किती वेळ येतो, तेही विचार. एवढ्या पावसाच्या कोकणात उन्हाळ्यात हंडे भरावे लागतात हे मुंबईत बसून पटत नाही. जांभ्याची भिंत असेल तर कपाटामागे हात लावून ओल बघ.

राहायला जाशील त्या दिवशी महावितरणच्या मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून मालकांना पाठव. मागची थकबाकी कोणाची, हा वाद तिथेच मिटतो.

एकट्या मुलीला "पाहुणे येणार का, किती वाजता परतता" हे विचारतील. चिडू नकोस, पण नियम काय ते आधीच बोलून करारात घालून घे. माझ्या वेळी ते रोज जिन्यावर ठरायचं आणि त्याचाच मला सगळ्यात त्रास झाला.

शनिवारी पहाटेची जनशताब्दी पकड. घर पसंत पडलं तरी त्या दिवशी पैसे देऊ नकोस. मसुदा मला पाठव, मी रात्री वाचून ठेवीन.

तुझी,
मावशी
दादर, मुंबई