थेरपिस्ट आहे. वेगवेगळ्या समाजांतले क्लायंट येऊ लागलेत, तर पुढचं प्रशिक्षण कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला प्रॅक्टिस सुरू करून काही वर्षं झाली. आधी ओळखीपाळखीतले, साधारण तुमच्यासारख्याच घरांतले लोक यायचे. आता एमआयडीसीतले कामगार, वसतिगृहातली मुलं, एक समलिंगी जोडपं, एक मुस्लिम कुटुंब असे सगळे येतात. एमएला यातलं कुणी काही शिकवलं नव्हतं. इन्स्टाग्रामवर रोज नवा सर्टिफिकेट कोर्स दिसतो, तर कुठला घ्यावा, आणि ऑनलाइन चालेल का?

मी पुण्यात थेरपी करते, शिवाय नव्या थेरपिस्टना सुपरव्हिजन देते, म्हणजे त्यांच्या केसेस त्यांच्यासोबत बसून तपासते. उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. पहिला पैसा सुपरव्हिजनवर घाला. मग एखादाच लांबीचा कोर्स करा, आणि तोही त्या त्या समाजातल्या थेरपिस्टनी शिकवलेला. दोन दिवसांची वर्कशॉपं सगळ्यात शेवटी.

अनुभवाने माणूस आपोआप तयार होतो, असं आपण धरून चालतो. 2016 साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 170 थेरपिस्ट आणि त्यांचे साडेसहा हजारांवर क्लायंट होते. वर्षं वाढली तसे थेरपिस्टचे निकाल सरासरीने सुधारले तर नाहीतच, उलट किंचित घसरले. घसरण अगदी थोडी होती आणि काही जण सुधारलेही, पण आम्हा जुन्या लोकांची झोप उडवायला तेवढं पुरे आहे. स्वयंपाक बिघडला तर घरचे ताटावरच सांगतात. क्लायंट सांगत नाही, पुढच्या आठवड्यात येत नाही एवढंच, आणि आपण फाइलवर ‘ड्रॉपआउट’ लिहून मोकळे. त्यातून तो आपल्यापेक्षा खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा असेल, कमी शिकलेला असेल, किंवा आपलं नातं आजवर कुणालाच न सांगितलेला असेल, तर तोंडावर ‘मॅडम, तुमचं ते बोलणं लागलं’ म्हणणं त्याला किती अवघड जाईल! म्हणजे ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारताय, नेमके त्यांच्याचकडून आपल्याला आपली चूक कळत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी कानांनी ऐकावी लागते.

नियमांचं एवढ्यात आटोपते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी 1992 च्या कायद्याने रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते, आणि पाच वर्षांनी नूतनीकरण करताना 100 सीआरई पॉइंट, म्हणजे काम करता करता घेतलेल्या पुढच्या शिक्षणाचे गुण, दाखवावे लागतात. एमए करून समुपदेशन करणाऱ्यांना अशी सक्ती कुणी केलेली नव्हती. 2021 साली अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा जो राष्ट्रीय कायदा झाला त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आहेत, त्यामुळे पुढेमागे चित्र बदलेल. पण पॉइंटांसाठी शिकणाऱ्यांची गत मी पाहिली आहे. शेवटच्या वर्षी धावपळ, मागच्या रांगेत मोबाइल, जेवणानंतर सही करून पसार.

विविधतेवरच्या वर्कशॉपांबद्दल माझी मुख्य तक्रार अशी की त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ‘अमुक समाजाचे लोक असे असतात’ एवढंच शिकवतात. मेलनी टर्वालन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकी डॉक्टरांनी 1998 साली ‘सांस्कृतिक नम्रता’ ही कल्पना, म्हणजे समोरच्याची संस्कृती आपल्याला ठाऊक आहे असं न धरता शिकत राहणं, मांडणारा लेख लिहिला, त्यात एक किस्सा आहे. शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी एक लॅटिनो बाई कण्हत होती. तिथे आलेल्या लॅटिनो डॉक्टरने नर्सला म्हटलं, हिला बरंच दुखतंय असं दिसतंय. नर्सचं उत्तर असं की आम्हाला कोर्समध्ये शिकवलंय, हे लोक दुखणं वाढवून दाखवतात. ती नर्स स्वतः आफ्रिकन-अमेरिकन होती. म्हणजे स्वतः भेदभाव सोसलेल्या समाजातली असूनही कोर्सने दिलेली माहिती तिच्या आणि पेशंटच्या मध्ये आली. आपल्याकडे ‘मुस्लिम घरात निर्णय पुरुषच घेतात’ किंवा ‘खेड्यातल्या लोकांना भावना बोलता येत नाहीत’ अशा स्लाइड मी स्वतः पाहिल्या आहेत.

सुपरव्हिजनमध्ये नेमकं होतं काय, ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. आमच्या गटात आम्ही एका पहिल्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकत होतो, अर्थात क्लायंटची लेखी परवानगी घेऊन. आयटीतला मुलगा. नाव विचारल्यावर त्याने स्वतःचं आणि वडिलांचं नाव सांगितलं. थेरपिस्ट म्हणाला, “आणि आडनाव?” जरा थांबून मुलाने सांगितलं. “अच्छा. मूळचे कुठले?” “लातूरकडचे.” “लातूरला कुठे?” “गाव आहे छोटं.” त्यानंतर राहिलेला सगळा वेळ तो झोपेबद्दल आणि अप्रेझलबद्दल बोलला. थेरपिस्टच्या मते सेशन छान झालं होतं. गटातल्या बाकीच्यांनाही काही खटकलं नाही.

नांदेडच्या बौद्ध कुटुंबातली एक थेरपिस्ट आमच्यात आहे. ती म्हणाली, जरा मागे घ्या. ‘अच्छा’नंतर त्याचा आवाज खाली गेलाय, ऐका. आम्ही पुन्हा ऐकलं, आणि खरंच गेला होता. मग तिने सांगितलं की हॉस्टेलमध्ये, भाड्याची खोली बघताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच प्रश्न याच क्रमाने येतात. आधी आडनाव, मग गाव, मग गावात कुठे, आणि ‘म्हणजे तुम्ही...?’ असं म्हणून वाक्य अर्धं सोडलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात काहीही असो, ऐकणाऱ्याला हा रस्ता कुठे जातो ते पाठ असतं.

पुढच्या सेशनला थेरपिस्टने सरळ विचारलं: “मागच्या वेळी मी आडनाव, गाव असं विचारत गेलो, ते तुम्हाला कसं वाटलं?” मुलगा हसला, “चालतं हो” म्हणाला. त्या दिवशी तेवढंच. बऱ्याच नंतर एकदा ऑफिसात डबा कुणासोबत खातो हा विषय निघाला आणि तिथून खरं बोलणं सुरू झालं. आता त्या थेरपिस्टच्या पहिल्या फॉर्मवर आडनावाचा रकाना सक्तीचा नाही. पावतीला लागलं तर विचारतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेसी ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या चौकटीत, त्या पहिल्या सेशनमध्ये जे झालं त्याला हुकलेली संधी म्हणतात. थेरपिस्टची नम्रता, अशा विषयाची संधी साधणं, आणि तो विषय निघाल्यावर आपली चुळबुळ न होणं, अशा तीन गोष्टी ते बघतात. यातली तिसरी पुस्तक वाचून येत नाही. म्हणून गट निवडताना एक पथ्य पाळा: सगळे एकाच जातीचे, एकाच कॉलेजचे असतील तर रेकॉर्डिंग ऐकूनही कुणाला काही ऐकू येणार नाही.

‘एवढा खर्च परवडत नाही’ असं म्हणाल, तर गोव्यातलं संगतचं काम बघा. या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्यासाठी ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्राम’ राबवला. सेशन सहा ते आठ, आणि समुपदेशक म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेली, तिथलीच, लोकांच्या भाषेत बोलणारी माणसं. त्यांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं, आणि खरा भर पुढे होता: आपली रेकॉर्ड केलेली सेशनं गटात बसून ऐकायची, ठरलेल्या पट्टीवर एकमेकांना गुण द्यायचे. तज्ज्ञांचे गुण आणि या समुपदेशकांचे गुण ताडून पाहिले तेव्हा ते बऱ्यापैकी जुळत गेले. या उपचाराचे चांगले निकाल पुढे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पदवी नसलेल्यांना हे जमतं, तर एमए झालेल्या चार जणांनी महिन्यातून दोनदा बसून तसं करायला काय हरकत आहे? सोबतीला दर दोन महिन्यांनी एखाद्या अनुभवी सुपरव्हायझरला पैसे देऊन बोलवा.

आता कोर्सकडे. समलिंगी, ट्रान्स क्लायंटसाठी मी डोळे झाकून मुंबईच्या मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हचा क्वीअर अफर्मेटिव्ह, म्हणजे अशा क्लायंटना आहेत तसं मानून चालणाऱ्या समुपदेशनाचा कोर्स सुचवते. शिकवणारे स्वतः त्या समाजातले थेरपिस्ट आहेत, आणि ‘मला काही प्रॉब्लेम नाही, माझे गे मित्र आहेत’ इथपर्यंत आलेल्यांना तिथे खरं काम करावं लागतं. तुमच्याकडे येणाऱ्या जोडप्याच्या घरचे कधी ना कधी ‘याला नीट करा’ म्हणून येतील, तेव्हा कायदा माहीत असू द्या. मद्रास उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये अशा ‘बदलून टाकणाऱ्या’ उपचारांवर बंदी घालायला सांगितलं, आणि 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी तो व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार ठरवला. त्या निकालातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी आपल्याला हा विषय पुरता कळत नाही असं मोकळेपणाने मांडलं, आणि निकाल लिहिण्याआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञांकडे जाऊन सेशन घेतलं. आपल्यातले किती जण असं करतील?

जातीबद्दलचं प्रशिक्षण मात्र अजून तुटपुंजं आहे, आणि मराठीत तर फारच. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला आणि जातीवरून छळ झाल्याचे आरोप झाले, तेव्हा थेरपिस्टांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पहिल्यांदाच या विषयाला तोंड फुटलेलं मी पाहिलं. तेव्हाही काही जणांचं म्हणणं होतं की थेरपीत जात कशाला आणायची. ती आणावी लागत नाही, आपण खुर्चीत बसतो तेव्हाच ती आलेली असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं 18 वं कलम सेवा देताना जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग, अपंगत्व यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, त्यामुळे हा आवडीनिवडीचा मामला राहिलेला नाही. दिव्या कंडुकुरी यांनी सुरू केलेल्या ‘द ब्लू डॉन’ या बहुजनांसाठीच्या गटाचं काम बघा. आणि दलित थेरपिस्टला ‘आम्हाला जरा समजावून सांगा’ म्हणून फुकट बोलवू नका. मानधन द्या.

एक साधन तर फुकटच आहे. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकात 2013 साली सांस्कृतिक मुलाखतीचे 16 प्रश्न आले. तुम्हाला हा त्रास कशामुळे झाला असं वाटतं, घरच्यांना काय वाटतं, आजवर कुणाकुणाची मदत घेतली, असे ते आहेत. मी ते आमच्या भाषेत आणून वापरते. ‘आजवर कुठे कुठे दाखवलं?’ असं साधेपणाने विचारलं की सैलानीच्या दर्ग्याला जाऊन आलो, देवऋषी केला, अंगात येतं, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात बाहेर येतं. फक्त तुमची भुवई वर जायला नको. अंगात येणारी प्रत्येक बाई आजारी नसते, आणि मारहाण करून भूत उतरवणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात. शेवटचा प्रश्न साधारण असा: कधीकधी आपली पार्श्वभूमी वेगळी असल्याने डॉक्टर आणि पेशंटचा एकमेकांबद्दल गैरसमज होतो, तुम्हाला तशी काही काळजी वाटते का? हा बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका, आणि पहिल्याच दिवशी खरं उत्तर मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी फोन करून विचारा की शिकवणारं कोण आहे, माझी केस मांडायला वेळ आहे का, आणि कोर्स संपल्यावर पुढे कुणी भेटतं का. तिन्हींना ‘सर्टिफिकेट मिळेल’ हेच उत्तर आलं तर समजून जा. थेरपीची पद्धतच मराठीतून पक्की करायची असेल तर ठाण्याची आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णींची मानसिक आरोग्याची संस्था आहे. त्यांनी आरईबीटी, म्हणजे विचार तपासून भावना बदलायची थेरपी, मराठी माणसाच्या बोलण्यात आणली आहे. विविधतेचा अभ्यास त्यावर वेगळा चढवावा लागेल.

ऑनलाइन चालतं. तुमच्यासाठी तर मी म्हणेन ऑनलाइनच बरं. नाशिकमधलेच चार जण घेतलेत तर कुणाचा तरी क्लायंट कुणाच्या तरी ओळखीतला निघणार, आणि त्या भीतीने लोक केस सांगताना हातचं राखतात. एक धुळ्याचा, एक सोलापूरचा, एक मुंबईचा असा गट जमवा. रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, ज्याचं आहे त्याने मीटिंगमध्येच वाजवावं आणि ऐकून झालं की पुसून टाकावं. परवानगीच्या कागदावर ‘गटात ऐकलं जाईल’ हे मराठीत, ठळक लिहा, आणि क्लायंटने नकार दिला तर त्याची फी, वेळ, काहीही बदलणार नाही हेही त्याच कागदावर असू द्या.