सारावाकला निघालास, तर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. पाठीवर सॅक टाकून वर्षावनात महिनाभर भटकायचं, आदिवासींच्या घरात राहायचं, आणि जमलं तर 'जगाशी संपर्कच न आलेल्या' लोकांना भेटायचं, असा तुझा बेत आहे. पहिल्या दोन्हीला माझा पाठिंबा. तिसरी गोष्ट आत्ताच खोडून टाक. ज्यांनी बाहेरच्यांपासून लांब राहायचं ठरवलंय, त्यांच्याकडे जायचं नसतं. आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या सर्दी-पडशाने तिथे माणसं दगावतात. ब्राझीलने १९८७ पासून अशा लोकांशी आपणहून संपर्क करायचा नाही असं धोरण ठेवलंय, ते उगाच नाही. तुला अ‍ॅमेझॉनमध्ये 'आतपर्यंत' नेऊ म्हणणारा जो एजंट भेटलाय, त्याला एक रुपयाही पाठवू नकोस.

त्याऐवजी बोर्निओत जा. बेटाच्या मलेशियाकडच्या भागात सारावाक नावाचं राज्य आहे. जंगल आहे, नद्या आहेत, आणि पाहुण्यांना घरात घ्यायची जुनी रीत असलेली माणसं आहेत. मी तिकडे बरीच फिरले आहे, त्यामुळे ऐकीव सल्ला देत नाही.

मला तुझ्या पत्रातलं खरं खटकलं ते पुढचं वाक्य. 'मूळ रूपातली संस्कृती बघायला मिळेल ना?' असं तू विचारलंस. नाही मिळणार, आणि त्यावर तू हिरमुसला होऊन बसलास तर ते घरच्यांना लगेच कळेल. सारावाकची राजधानी कुचिंगहून बातांग आई नदीच्या भागात जाशील, तिथून लांब, अरुंद होडीने इबान लोकांच्या लाँगहाउसला पोचशील. एकाच छपराखाली वीस-तीस कुटुंबं, प्रत्येकाची स्वतंत्र खोली, ती 'बिलिक'. सगळ्या खोल्यांपुढून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी सामायिक ओसरी, ती 'रुआई'. छप्पर पत्र्याचं असेल. रुआईत टीव्ही असेल, एखाद्या कोपऱ्यात चेनसॉ असेल, मुलं मोबाइलवर खेळत असतील. त्याच रुआईत चटईवर बसलेल्या आजोबांच्या खांद्यावर गोंदण दिसेल. इबान तरुण घराबाहेर पडून दूरदेशी मुशाफिरीला जायचे, आजही जातात. त्या प्रवासाला 'बजलाई' म्हणतात, आणि खांद्यावरची नक्षी पूर्वी निघण्याआधी गोंदवून घेत. आजोबा तरुणपणी तेलविहिरीवर किंवा लाकूडतोडीच्या कॅम्पात काम करून आलेले असू शकतात. तेव्हा 'जग पाहिलेला मी आणि जंगलातले ते' हे गणित तिथे पहिल्या संध्याकाळीच चुकतं. स्क्रांग नदीवरच्या लाँगहाउसमध्ये तर १९६० च्या दशकापासून परदेशी पर्यटक येतात. तुझ्यासारखे त्यांनी तुझ्या जन्माआधीपासून पाहिलेत.

काही जुन्या लाँगहाउसमध्ये रुआईच्या आढ्याला कवट्या टांगलेल्या दिसतील. शिरं कापून आणायची प्रथा ब्रूक या इंग्रज घराण्याच्या राजवटीत मोडून काढली गेली, मग दुसऱ्या महायुद्धात जपान्यांविरुद्ध ती थोडा काळ पुन्हा उफाळली. त्या कवट्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यासमोर सेल्फी काढायचा नाही. आणि 'तुमचे आजोबा किती...' हा प्रश्न तर गिळूनच टाक. प्रत्येक पर्यटक तोच विचारतो.

आता जायचं कसं. आगाऊ न कळवता सॅक घेऊन दारात उभं राहायचं नाही. त्याच लाँगहाउसमधला किंवा त्यांच्या ओळखीतला वाटाड्या शहरातूनच ठरव, त्याच्यामार्फत 'तुआई रुमाह' म्हणजे प्रमुखाला निरोप जाऊ दे. प्रवेशापाशी पानांची जुडी बांधलेली किंवा पांढरं निशाण दिसलं तर आत मृत्यूचं सुतक किंवा एखादा विधी असू शकतो. वाटाड्या विचारून येईपर्यंत बाहेर थांब. पायऱ्यांशी बूट काढ, हे तुला सांगायला नको. भेट म्हणून साखर, कॉफी, बिस्किटं असं वाटता येण्याजोगं ने आणि प्रमुखाच्या घरात दे. ती दारागणिक सारखी वाटली जाते. पोरांच्या घोळक्यात चॉकलेटं उधळणारे पर्यटक मला कुठेच आवडत नाहीत, आपल्या किल्ल्यांच्या पायथ्याला तर अजिबातच नाही. मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे जे ठरलेत ते पूर्ण दे, घासाघीस करू नकोस. रोख रक्कम शहरातूनच ने.

जेवणाचा प्रश्न तुझ्या आईने मला वेगळा फोन करून विचारला. तू शाकाहारी आहेस ही अडचण आहे, पण उपाशी राहणार नाहीस. भात भरपूर असतो. कोवळ्या नेच्याच्या फुटव्यांची भाजी फार चवदार लागते, कसाव्याचा पाला असतो, बांबूचे कोंब असतात. फक्त कोळंबीचा आंबवलेला 'बेलाचान' भाजीतसुद्धा घालतात, ते वाटाड्याला आधीच सांगून ठेव. रानडुकराची ताटली समोर आली तर मात्र नाक मुरडू नकोस. सारावाकमध्ये समज असा की पुढे केलेलं अन्न साफ नाकारलं तर नाकारणाऱ्यावर संकट येतं, साप-विंचू चावतो, अपघात होतो. याला 'कम्पुनान' म्हणतात. म्हणून खायचं नसेल तर बोटाने ताटलीला किंवा पदार्थाला नुसता स्पर्श करतात, काहीजण तेच बोट ओठांना लावतात. तेवढं केलंस की सगळे निर्धास्त होतात आणि आग्रहही थांबतो. तांदळाच्या दारूचं, 'तुआक'चं, तसंच. एक घोट घे, नाहीतर पेल्याला बोट लाव. जूनच्या सुरुवातीला 'गावाई' हा सुगीनंतरचा सण असतो, तेव्हा तुआक प्रत्येक दारात असतो. त्या दिवसांत जाणार असशील तर वीस दारांचा हिशेब आधी कर.

पण हीच रीत सगळीकडे लावू नकोस. मिरी शहरातून छोट्या विमानाने बारिओला गेलास, तर तिथले केलाबित लोक वेगळे. हजार मीटरच्या वरचं पठार, भातखाचरं, रात्री स्वेटर लागेल अशी हवा. केलाबित पूर्वी 'बोराक' प्यायचे, पण ख्रिस्ती झाल्यावर बहुतेकांनी दारू सोडली. १९७३ साली बारिओत मोठी धार्मिक लाट आली, तिची आठवण लोक अजून काढतात. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं, त्या दिवशी डोंगरावर चला म्हणून वाटाड्याच्या मागे लागू नकोस. बारिओचा तांदूळ बारीक आणि सुवासिक, तो मऊ शिजवून पानात बांधून देतात. पा उमोरला खाऱ्या पाण्याचा झरा आहे. ते पाणी तासन् तास आटवून मीठ काढतात. ते बघायला एक दिवस काढच. विमान एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर, त्यात सामानाबरोबर तुझंही वजन करतात. ढग उतरले की विमान रद्द. म्हणून परतीच्या मुंबईच्या तिकिटाआधी तीन-चार दिवस मोकळे ठेव. लाकूडतोडीच्या रस्त्याने जीपनेही जाता येतं, पण पाठीची हाडं मोजून घ्यायची तयारी हवी.

चालण्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण सह्याद्रीत तू पावसाळी ट्रेक केलेत. फरक एवढाच, की इथे चार महिन्यांनी पाऊस थांबत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जास्त, एरवी थोडा कमी. कपडे वाळणार नाहीत हे गृहीत धर. एक जोड चालायला, तो ओलाच राहू दे, आणि एक कोरडा जोड फक्त रात्रीसाठी. सकाळी ओले कपडे पुन्हा अंगावर चढवायला जिवावर येतं, पण कोरडे भिजवलेस तर रात्री काकडशील. महागडे बूट घरी ठेव. तिथले लोक काळे, एकसंध रबरी, तळाला खुंट असलेले स्वस्त बूट घालतात. त्यांना गमतीने 'आदिदास काम्पुंग' म्हणतात. चिखलात आणि ओढ्यात त्यांच्यासारखं काही नाही, मोठ्या मापाचे मिळाले तर तेच घे. जळवांना घाबरायचं कारण नाही, चावल्यावर खाजवून जखम चिघळवू नकोस एवढंच. नदीला मात्र घाबर. आभाळ निरभ्र असताना पाणी अचानक गढूळ होऊन काटक्या-पानं वाहायला लागली, म्हणजे वर पाऊस झालाय. वाटाड्या म्हणाला आज ओलांडायचं नाही, तर नाही.

ताप आला तर हे लक्षात ठेव. सारावाकमध्ये माकडांकडून डासांमार्फत माणसाला होणारा मलेरिया आहे. कापित भागातल्या अभ्यासातून तो २००४ साली ठळकपणे पुढे आला. सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या सौम्य मलेरियासारखा दिसतो, पण दर चोवीस तासांनी वाढत असल्याने झपाट्याने बळावू शकतो. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग, की मी बोर्निओच्या जंगलात होतो. लेप्टो तर आपल्या ओळखीचाच. जायच्या आधी गोळ्या-लसींचं डॉक्टरशी बोलून घे, यात माझं ऐकू नकोस.

आता ज्याच्यासाठी हे पत्र एवढं लांबवलं ते सांगते. तिथे रात्री जेवणं झाली की गप्पा हमखास जमिनीवर येतात. इबान लोकांच्या हिशेबात कसून सोडलेली जमीन असते, लाकूड-शिकारीसाठी राखलेलं रान असतं, आणि या सगळ्याला वेढणारा त्या लाँगहाउसचा मुलूख असतो. सारावाकचा जमीन कायदा १९५८ चा. १ जानेवारी १९५८ च्या आधी साफ करून कसलेली जमीन तो मानतो. राखलेल्या रानाचं काय, यावर वर्षानुवर्षं कज्जे चाललेत. डिसेंबर २०१६ मध्ये मलेशियाच्या संघीय न्यायालयाने ते रान आणि मुलूख या रूढींना कायद्याचं बळ नाही असा निकाल दिला. २०१८ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून काही प्रमाणात मान्यता दिली, पण वाद संपलेला नाही. त्याआधी २००१ मध्ये एका इबान लाँगहाउसने कागदाचा लगदा करणाऱ्या कंपनीविरुद्ध उच्च न्यायालयात खटला जिंकला, त्यात गावाने स्वतः तयार केलेला नकाशा पुरावा म्हणून आला होता. त्याच वर्षी राज्याने जमीन मोजणीवर परवान्याचं बंधन आणणारा कायदा केला. नकाशा तिथे किती नाजूक वस्तू आहे हे यावरून ओळख.

म्हणून तुझ्या घड्याळातला जीपीएस ट्रॅक आणि फोटोंवरचे जिओटॅग. मिठाचा झरा, जुनी स्मशानं, अगरूची झाडं, धनेशाची ढोली, यातल्या कशाचाही नेमका ठावठिकाणा कुठेही टाकायचा नाही. अगरूच्या लाकडाला इतका भाव आहे की चोर जंगलं पालथी घालतात, आणि धनेशांच्या शिकारीचंही तेच आहे. ट्रॅक रेकॉर्ड करण्याआधी वाटाड्याला विचार, तो नको म्हणाला तर बंद कर. आपल्याकडे ट्रेकची वाट 'शेअर' करणं हे पुण्यकर्म समजतात. तिथे ती वाट कुणाच्या तरी मालकीची आहे.

याच गप्पांत पाम तेलावर भाषण ठोकू नकोस. जगात सर्वांत जास्त पाम तेल आपला देश आयात करतो, तुझ्या डब्यातल्या फरसाणातही ते असणार. शिवाय एकाच लाँगहाउसमध्ये एक भाऊ तेलताडाची लागवड करतो आणि दुसरा त्याविरुद्ध कोर्टात जातो, असं होऊ शकतं. लाकूड कंपनीच्या ज्या रस्त्याने जंगल गेलं, त्याच रस्त्याने बाळंतीण दवाखान्यात पोचते. ऐकून घे. तुला उलट विचारतील, तुमच्याकडे जंगल कुणाचं? त्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आणि मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळालेला सामूहिक हक्क याबद्दल वाचून जा. गडचिरोलीची ही गोष्ट मी मोडक्या मलायमध्ये सांगितली तेव्हा रुआईतली झोपाळलेली मंडळी उठून बसली होती.

पनान लोकांकडे या खेपेला जाऊ नकोस. पिढ्यान् पिढ्या जंगलात फिरत रानसाबुदाण्याच्या ताडावर जगलेली ही माणसं, आता बहुतेक गावं करून राहतात. १९८७ मध्ये त्यांनी लाकूडतोडीचे रस्ते अडवले तेव्हा जगभर त्यांचं नाव झालं, आणि तेव्हापासून 'शेवटचे भटके' बघायला येणाऱ्यांची रांग लागली. ताडाचं पक्व खोड तोडायचं आणि बाकीचे फुटवे राखायचे, ही त्यांची शिस्त फार सुंदर आहे, पण ती बघायला त्यांनीच बोलवायला हवं. वाटेत पनान माणूस भेटला तर हात पुढे कर. त्यांचं हस्तांदोलन हळुवार असतं, जोरात दाबू नकोस.

एक किरकोळ पण महत्त्वाचं: सारावाकचा इमिग्रेशन शिक्का वेगळा असतो, मुख्य मलेशियातून आलास तरी. तिथे किती दिवस राहायची मुभा दिलीय ते काउंटरवरच वाच.

तुझ्या तारखा ठरल्या की कळव. बातांग आईच्या एका घरातले फोटो मी छापून ठेवलेत, ते नेऊन द्यायचे आहेत. पाकीट जाड आहे, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घाल आणि सॅकच्या मधल्या कप्प्यात ठेव, वरच्या नको.

तुझी,
मावशी