तांबडा रस्सा सोडू का?

प्रश्न : मला हाशिमोटो थायरॉइड (शरीरच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करतं, तो आजार) आहे. चपाती, अंडी, डाळी, मिरची, गंगावेशीतलं दूध सगळं सोडलं की गोळी सुटते, असं २०१९च्या अभ्यासात सिद्ध झालंय म्हणे. तांबडा रस्साही सोडू का? – राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तो अभ्यास मी वाचलाय. १७ बायका, १० आठवडे, आणि तुलनेला दुसरा गटच नाही! त्यांना बरं वाटलं, हे खरं. पण आहारासोबत मार्गदर्शनही होतं, मग गुण कशाचा म्हणायचा? टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि अँटिबॉडीत (थायरॉइडवरच्या हल्ल्याची रक्तातली खूण) तर लक्षणीय फरक पडलाच नाही. सीलिअ‍ॅक (गव्हाने आतड्याला इजा होते) या आजारात गव्हाचा दोष पक्का ठरलाय. ती शंका असेल तर गहू सोडण्याआधी रक्त तपासा, नंतर तपासणी फसते. रस्सा खुशाल खा. गोळी मात्र उपाशीपोटी, चहाच्या तासभर आधी घ्या आणि डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.