तुमचे प्रश्न: जिमची नोकरी सोडून स्वतःचं पर्सनल ट्रेनिंग

प्रश्न: सर नमस्कार, मी कोथरूडच्या एका जिममध्ये चार वर्षं ट्रेनर आहे. पगार १८ हजार, वर पीटीचे (पर्सनल ट्रेनिंगचे) जे पैसे येतात त्यातले निम्मे जिम ठेवते. क्लायंट माझ्या नावाने येतात मग निम्मे पैसे का सोडायचे असं आता सारखं वाटतं. घरोघरी जाऊन ट्रेनिंग द्यायचा विचार आहे, बाणेरचा एक आणि हडपसरचा एक क्लायंट तयार आहे, दोघंही महिन्याला १२ सेशनचे ९ हजार द्यायला तयार. घरचे म्हणतात बांधलेला पगार सोडू नकोस. शिवाय जॉइन होताना मालकाने कागदावर सही घेतलीये की सोडल्यावर दोन वर्षं या भागात ट्रेनिंग करायचं नाही. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: सोडा, पण लगेच नको, आणि या दोन क्लायंटच्या भरवशावर तर अजिबातच नको. बाणेर आणि हडपसर म्हणजे तुमच्या घरापासून दोन वेगळ्या दिशा. आपल्या धंद्यात विकण्यासारखे तास दिवसाला सहा-सात, सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ, दुपारी नोकरदार माणूस कुठून येणार. आता संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये हडपसरला जायला एक तास, सेशन एक तास, परत यायला एक तास धरा. ९ हजार भागिले १२ म्हणजे सेशनचे ७५०, त्यात गेले तीन तास, म्हणजे तासाचे अडीचशे, त्यातून पेट्रोल वेगळं. आणि तुमची पूर्ण संध्याकाळ संपली. तेच कोथरूड, कर्वेनगर, वारजे, एरंडवणे एवढाच पट्टा धरलात आणि एका सोसायटीत लागोपाठ दोन क्लायंट मिळाले तर तोच तास ७५० चा होतो. म्हणून हडपसरवाल्यांना नम्रपणे नाही म्हणा, किंवा आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर घ्या. नवीन माणसाला आलेला क्लायंट सोडवत नाही हे मला कळतं, पण बरेच चांगले ट्रेनर मी गाडीवरच दमलेले बघितलेत, व्यायाम शिकवून नाही.

जवळचे चार-पाच क्लायंट पक्के होईपर्यंत नोकरी ठेवा, मालकाला विचारून शिफ्ट कमी करता आली तर उत्तमच. आणि आठ क्लायंट गुणिले ९ हजार म्हणजे ७२ हजार असा हिशोब घरी सांगू नका. मे महिन्यात निम्मे लोक गावाला, मग गणपती, दिवाळी, लग्नसराई, जानेवारीत मात्र सगळ्यांना एकदम उत्साह येतो. वर्षाचे नऊ महिनेच पूर्ण पैसे येतील असं धरून चाला आणि निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकल्याशिवाय राजीनामा देऊ नका. घरच्यांची भीती खोटी नाहीये, पीएफ जाणार, आजारी पडलात तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, म्हणून मेडिक्लेम आणि अपघात विमा आधी घ्या, नंतर डंबेल.

पहाटे पाच चाळीसला व्हॉट्सअ‍ॅप येतो "आज नको, पाहुणे आलेत" आणि तुम्ही हेल्मेट घालून जिन्यात उभे. हे होणारच. म्हणून पैसे आधी, १२ सेशन पाच आठवड्यांत संपवायची, रात्री नऊच्या आत कळवलं तर सेशन पुढे ढकलू, नंतर कळवलं तर मोजलं जाईल. हे पहिल्या भेटीतच सांगा आणि तसाच मेसेज पाठवून ठेवा. दोन महिन्यांनी ओळख वाढल्यावर सांगायला जाल तर समोरच्याला राग येतो आणि तुमचंच तोंड अवघडतं.

सहीच्या कागदाचं म्हणाल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ आहे, त्यानुसार नोकरी सोडल्यानंतर माणसाला त्याचा धंदा करायला बंदी घालणारी अट साधारणपणे टिकत नाही. तरी कागद एकदा वकिलाला दाखवा. नोटीस पिरियड पूर्ण करा आणि जिमच्या रजिस्टरमधले नंबर उचलून फोन करत बसू नका, ती गोष्ट वेगळी आणि चुकीची आहे. बाकी कागदपत्रं फार नाहीत. एकट्याच्या धंद्याला शॉप अ‍ॅक्टची (दुकाने-आस्थापना कायद्याची) फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, उद्यम नोंदणी (लहान धंद्याची नोंदणी) सरकारी पोर्टलवर फुकट आहे (एजंटला पैसे देऊ नका), आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. इन्कम टॅक्स रिटर्न मात्र भरत जा, पुढे लोन लागेल तेव्हा बँक तेच मागते.

तुम्ही विचारलं नाहीत पण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. जिममध्ये आजूबाजूला चार माणसं असतात, घरी तुम्ही एकटे, आणि घरी ट्रेनर बोलावणारा माणूस बऱ्याचदा पन्नाशीचा, बीपी-शुगरवाला. पहिल्या दिवशी वजन-उंची नंतर, आधी पार-क्यू ची प्रश्नावली (व्यायाम सुरू करण्याआधी तब्येतीची चौकशी करणारी) भरून घ्या, छातीत दुखणं, चक्कर, औषधं, सगळं. काही निघालं तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय सुरू करू नका. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधानेच कमी राहतात, त्यामुळे घड्याळातल्या हार्ट रेटवर विसंबू नका, बोलताना धाप लागतेय का ते बघा. श्वास रोखून वजन उचललं की बीपी झपकन वर जातं, म्हणून जोर लावताना श्वास सोडायला शिकवा. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर व्यायामात खाली जाऊ शकते, बॅगेत ग्लुकोज ठेवा. सीपीआरचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) प्रशिक्षण घेतलं नसेल तर राजीनाम्याआधी घ्या. आणि प्रोटीनच्या डब्यांवरचं कमिशन, किंवा त्याहून वाईट म्हणजे बॉडी बनवायची स्टेरॉइडची इंजेक्शनं, याच्या वाटेला जाऊच नका. लोक तुम्हाला घरात घेतायत ते विश्वासावर.

प्रश्न: मी नाशिकला बायकांना घरी जाऊन ट्रेनिंग देते. नातेवाईक फुकट शिकव म्हणतात, आणि अनोळखी घरी जायची धास्ती वाटते. दुपार तर पूर्ण रिकामी जाते. काय करता येईल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमची रिकामी दुपार हीच तुमची जमेची बाजू आहे. साडेदहा ते साडेबारा आणि तीन ते पाच या वेळात गृहिणी आणि रिटायर्ड बायका मोकळ्या असतात, आणि त्यांना बाईच ट्रेनर हवी असते. एकेकीच्या घरी जाण्यापेक्षा एकाच सोसायटीतल्या चौघी जमवा, प्रत्येकी अडीच हजार घेतले तरी बारा सेशनचे १० हजार होतात, त्यांना स्वस्त पडतं आणि तुम्हाला अनोळखी घरात एकटं जावं लागत नाही. एकटीचंच काम घेतलंत तर पहिली भेट घरात दुसरी बाई असताना ठेवा, घरच्यांना लोकेशन पाठवा, आणि फोन-मेसेज फक्त क्लायंटशी, तिच्या नवऱ्याशी नाही. नातेवाइकांना सांगा, याच ग्रुपमध्ये या, पहिला आठवडा माझ्याकडून, पुढे सगळ्यांची फी तीच. मावशी रुसेल थोडे दिवस, रुसू दे.

हॉल किंवा गच्ची वापरायची परवानगी कमिटीकडून लेखी घ्या, तोंडी "हो" वर सुरू करू नका, चेअरमन बदलला की बाहेर काढतात. काही सोसायट्या बाहेरच्या ट्रेनरकडून महिन्याचे पैसे मागतात, ते आधीच विचारून फीमध्ये धरा.