लाटांच्या विजेला मधे इन्व्हर्टर कशाला? आणि नाथसागरावर जमेल का?

पैठणच्या एका भावानं विचारलंय: लाटेवर जनरेटर फिरतोय, तर वीज सरळ ग्रिडला का जोडत नाहीत? आणि आपल्या नाथसागरावर (जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) हे जमेल का?

समुद्राची लाट आठ-दहा सेकंदांनी येते, तीही कधी मोठी, कधी बारकी. जनरेटरचा वेग तसाच चढतो-उतरतो, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीही हलते. ग्रिडला मात्र ५० हर्ट्झच लागतात. म्हणून रेक्टिफायर आधी डीसी करतो, मधला कपॅसिटर थोडेफार झटके पोटात घेतो (मोठ्यांना बॅटरी लागते) आणि इन्व्हर्टर ग्रिडच्या तालात एसी देतो. शेतातल्या सोलर पंपाच्या कंट्रोलरचा थोरला भाऊच म्हणा. रेक्टिफायर आयजीबीटीचा (वेगानं चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) असेल तर जनरेटरवरचा भारही लाटेप्रमाणे बदलून तिच्यातून जास्त ऊर्जा काढता येते. माझ्या मते खरी कमाई तिथंच आहे.

केरळात विझिंजमला १९९१ मध्ये १५० किलोवॅटचा प्रयोग झाला होता. लाटेनं कोठीत पाणी वर-खाली, त्यानं हवा आत-बाहेर, आणि वेल्स टर्बाइन दोन्ही वेळा एकाच दिशेनं फिरतं.

नाथसागर? नाही जमत. लाटेची ताकद उंचीच्या वर्गात वाढते, म्हणजे उंची दुप्पट तर ताकद चौपट. आठ सेकंदांची २ मीटरची लाट मीटरभर रुंदीत साधारण १६ किलोवॅट आणते; धरणावरची दोन सेकंदांची २० सेंटिमीटरची जेमतेम ४० वॅट. तेवढ्यावर घरातला जुना पंखाही कुरकुरेल.