संगणक सुरू होत नाही आणि दुकानदार फॉर्मॅट सुचवतो आहे. खेड्यात परवडणारी दुरुस्ती कुठे मिळेल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहता, घरचा संगणक सुरू होत नाही, त्यात आठ वर्षांचे फोटो आणि हिशेब आहेत, तालुक्याचा दुकानदार ५०० रुपयांत ‘फॉर्मॅट मारून’ (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने चढवून) देतो म्हणतो, आणि दुरुस्ती, अडकलेली माहिती परत मिळवणे व व्हायरसपासून संरक्षण ही तिन्ही कामे कमी खर्चात कुठे होतील हे आपल्याला हवे आहे. मी याच जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात राहते आणि घरच्या कृषी केंद्राचे हिशेब लग्न झाल्यापासून सांभाळते. अशाच एका ५०० रुपयांच्या फॉर्मॅटने आमच्या घरात काय झाले ते सांगितल्याशिवाय मला या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

माझे मत आधीच सांगते. फॉर्मॅटला दुरुस्ती म्हणणे मला मान्य नाही. तण झाले म्हणून उभ्या पिकावर वखर फिरवावा, तसा तो प्रकार आहे. ज्याच्याकडे दोष शोधण्याइतका वेळ किंवा माहिती नसते तो कारागीर फॉर्मॅट सुचवतो, कारण त्यात त्याचा तासभर जातो आणि जे नाहीसे होते ते सगळे आपले असते.

गोष्ट २०१९ च्या जूनमधली आहे. पाऊस लांबला होता, तरी रोज संध्याकाळी वारावादळ येऊन वीज जात होती. पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रात इतकी गर्दी असते की दिवसा बिले हाताने फाडायची आणि रात्री जेवणे झाल्यावर ती संगणकात चढवायची, असा आमचा क्रम होता. अनुदानाच्या खताची विक्री पॉस यंत्रावर आधार क्रमांकासह नोंदली जाते आणि बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर लिहावाच लागतो. परंतु कोणी रोख दिले, कोण कापूस निघाल्यावर देणार आणि कोणाचे मागच्या हंगामाचे बाकी आहे, ही सगळी उधारी एका एक्सेल फाईलमध्ये होती. त्यात १८० शेतकऱ्यांची नावे होती आणि एकूण रक्कम सव्वाअकरा लाखांच्या घरात होती.

एका रात्री नोंदी करत असताना तीन वेळा वीज गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच उतरली होती, त्यामुळे तिन्ही वेळा संगणक एकदम बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरी लग्नाला निघून गेले. इकडे दुकान उघडल्यावर काळ्या पडद्यावर केवळ दोन ओळी पांढरी अक्षरे दिसू लागली, तेव्हा माझ्या धाकट्या दिरांनी संगणक मोटारसायकलवर बांधून तालुक्याला नेला. त्यांनी मला फोन केला तो कारागिराच्या दुकानातून. “काही होत नाही वहिनी, फॉर्मॅट मारला का नवा होते कम्प्युटर,” असे ते म्हणाले. मी लग्नाच्या मांडवातून ओरडून सांगितले की उधारीची फाईल त्यातच आहे, कोणालाही तिला हात लावू देऊ नका. तोपर्यंत विंडोज टेन अर्धे चढलेही होते.

संध्याकाळी संगणक घरी आला तो खरोखर नव्यासारखा होता. डेस्कटॉप रिकामा होता. चोरीची ऑफिस प्रणाली आणि चार खेळ कारागिराने आपणहून घालून दिले होते.

गुढीपाडव्याला घेतलेली एक प्रत माझ्या पेनड्राईव्हमध्ये होती. ती लावून पाहिली तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले. हा पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी जात असे आणि व्हायरस तिथून आला होता. दिरांनी लगेच तोही फॉर्मॅट करायला मागितला. मी तो त्यांच्या हातून अक्षरशः ओढून घेतला आणि धान्याच्या डब्यात लपवून ठेवला, आणि माझ्या आयुष्यातील मोजक्या योग्य निर्णयांत मी त्याची गणना करते. कारण अशा व्हायरसमध्ये मूळ फाईली बहुधा नष्ट झालेल्या नसतात. तो त्यांना ‘लपवलेली’ आणि ‘प्रणालीची’ अशा दोन खुणा लावून अदृश्य करतो आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट पुढे ठेवतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब ही आज्ञा देऊन त्या खुणा काढल्या की सर्व काही जागच्या जागी दिसू लागते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. शॉर्टकटवर मात्र टिचकी मारू नये, कारण व्हायरस चालू होतो तो त्या टिचकीनेच. अमरावतीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मला ही आज्ञा फोनवरून एकेक अक्षर करून सांगितली आणि पाडव्यापर्यंतची उधारी परत मिळाली.

पाडव्यानंतरचे अडीच महिने राहिले होते. त्यासाठी मी संगणकातील हार्ड डिस्क काढून घेऊन नागपूरला गेले. सीताबर्डीवरील एका दुकानात ९,००० रुपये सांगितले आणि माहिती मिळाली नाही तरी ते परत मिळणार नाहीत असेही सांगितले. त्याच गल्लीत एका जिन्याखाली बसणाऱ्या वयस्कर कारागिरांनी डिस्क तपासली, २०० रुपये घेतले आणि मला खरी हकिगत सांगितली. डिस्क पूर्णपणे निरोगी होती. वारंवार वीज गेल्यामुळे संगणक सुरू करणाऱ्या विंडोजच्या काही फाईली तेवढ्या बिघडल्या होत्या. फॉर्मॅटपूर्वी ती डिस्क केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली असती, तर सगळी माहिती अर्ध्या तासात उतरवून घेता आली असती. म्हणजे घरातून निघाली तेव्हा माझी फाईल शाबूत होती. हे ऐकून मला जे वाटले ते आजही ओसरलेले नाही.

त्यांनी पुढे समजावले ते आपल्यालाही उपयोगी पडेल. घाईचा फॉर्मॅट पुस्तकाची अनुक्रमणिका फाडतो, पाने तशीच राहतात. परंतु त्या पानांवर नवे काही लिहिले गेले की जुने कायमचे जाते. नवे विंडोज चढवताना बरीच पाने अशी गेलीच होती, आणि त्यानंतर दोन दिवस संगणक चालू ठेवून आम्ही आणखी घालवली होती. म्हणून माहिती गेली असे वाटताच संगणक बंद करावा, आणि ती परत मिळवण्याचा प्रोग्राम त्याच डिस्कवर कधीही चढवू नये. आधी तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या डिस्कवर पहिलीची शब्दशः प्रत काढावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. फोटोरेक आणि टेस्टडिस्क हे दोन प्रोग्राम यासाठी मोफत मिळतात. ती नवी डिस्क हाच माझा एकमेव मोठा खर्च होता, आणि ती आजही वापरात आहे.

भाचा सुटीला आला तेव्हा आम्ही फोटोरेक रात्रभर चालवले. हा प्रोग्राम फाईल तिच्या आतील ओळखीच्या खुणांवरून शोधतो, त्यामुळे नावे परत मिळत नाहीत, केवळ आकडे मिळतात. अशा ६४० एक्सेल फाईली निघाल्या. आकारानुसार लावून मी त्या तीन रात्री एकेक उघडत गेले. काहींत जुनी दरपत्रके होती, काही अर्ध्याच उघडत होत्या, एकीत सासूबाईंच्या औषधांची यादी निघाली. तिसऱ्या रात्री मे अखेरची उधारीची प्रत सापडली. जूनच्या नोंदी मी बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा चढवल्या, आणि जिथे कार्बन पुसट होता तिथे शेतकऱ्यांना विचारले. एक म्हातारे शेतकरी न बोलावता आले आणि म्हणाले, “माह्या नावावर साडेचार हजार हायेत, लिहून घ्या बाई.” आमच्या कार्बनवर केवळ साडेतीन हजार वाचता येत होते.

दीर आजही म्हणतात की शेवटी सगळे मिळाले, मग नागपूरची फेरी आणि डिस्कचा खर्च कशाला केला. मिळाले ते त्या फेरीमुळे आणि त्या डिस्कमुळे, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे. त्यांचे दुसरे म्हणणे असे की पैसे देऊन अँटिव्हायरस घेतला असता तर हे झालेच नसते. तेही चूक आहे, कारण संगणक बंद पडला तो विजेमुळे आणि माहिती गेली ती फॉर्मॅटमुळे. व्हायरस फक्त पेनड्राईव्हमध्ये होता. रहिमतपूरच्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून भावाच्या साथीने क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी केली, याचा मलाही अभिमान आहे आणि ज्याला परवडते त्याने ते जरूर घ्यावे. पण विंडोज आठपासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजबरोबर डिफेंडर हा अँटिव्हायरस मोफत येतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे, फक्त विंडोजचे अपडेट थांबवू नयेत. आमच्या त्या कारागिराने चोरीचे ऑफिस चालावे म्हणून डिफेंडरच बंद करून ठेवला होता. चोरीच्या प्रणालीबरोबर येणारा खंडणीचा व्हायरस फाईली कुलूपबंद करून पैसे मागतो, आणि त्यातून सुटण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे संगणकापासून वेगळी काढून ठेवलेली प्रत. शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची मोफत साधने आहेत, तीही वापरून पाहावीत. कोणी फोन करून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ म्हणत पैसे काढून घेतले, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

आता कुठे जावे. वीजपुरवठ्याचा डबा, रॅम, केबल, पंखा, घड्याळाचा सेल असली कामे तालुक्याच्या दुकानात बिनधास्त करावीत; तिथे ती स्वस्त होतात आणि बहुतेकांना ती नीट येतात. डेस्कटॉप देताना मात्र हार्ड डिस्क आपण स्वतः काढून घरी ठेवावी. चार स्क्रू आणि दोन केबल एवढेच ते काम आहे. काढणे शक्य नसेल, तर ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय फॉर्मॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे, डिस्कचा क्रमांक टिपून ठेवावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा. माहिती उतरवून घेण्यासाठी तंत्रनिकेतनाच्या शेवटच्या वर्षाची मुले किंवा एमएस-सीआयटी केंद्रातील एखादा जाणता शिक्षक अनेक दुकानांपेक्षा विश्वासाचा ठरतो, असा माझा अनुभव आहे. त्यांना पेनड्राईव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करून डिस्क वाचायला सांगावे. आपल्या वर्णनावरून आपला बिघाडही आमच्यासारखाच वाटतो आणि कदाचित तेवढ्यावरच आपले फोटो मिळतील.

काही गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. वर लिहिले ते फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कविषयी आहे. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) असेल तर पुसलेली जागा ती ट्रिम आज्ञेनंतर स्वतःच रिकामी करते, म्हणून तिथे फॉर्मॅटनंतर आशा फार थोडी उरते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कोणताही प्रोग्राम चालवू नये, पुन्हा सुरू करूनही पाहू नये. आतील वाचणारे टोक तबकडीपासून धुळीच्या कणापेक्षाही कमी अंतरावर फिरत असते, म्हणून अशा डिस्कचे झाकण धूळविरहित खोलीतच उघडावे लागते आणि ते काम महाग असते. तिथे माझा स्वस्त मार्ग चालणार नाही. आणि तालुक्याचे सगळेच कारागीर तसे नसतात. आमच्याकडे आलेला नंतरचा मुलगा आधी ‘आत काय आहे, प्रत आहे का’ असे विचारतो, म्हणून त्याला मी मागेल तेवढी मजुरी देते.

आमच्याकडे आता दर शनिवारी दोन प्रती निघतात. एक कपाटात राहते आणि दुसरी दिरांच्या घरी, कारण वीज पडली किंवा आग लागली तरी दोन्ही घरे एकदम जाणार नाहीत. फॉर्मॅटमध्ये चूक काहीच नव्हती, यावर ते अजून ठाम आहेत आणि मला ते पटलेले नाही. आपल्या दुकानदाराकडे संगणक पोचला असेल तर त्याला आत्ताच फोन करावा, डिस्क काढून ठेवायला सांगावी आणि ती घ्यायला स्वतः जावे.