‘ससाणा’ला अंतराळात यू-टर्न घेऊ देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिताय. साल २१८०. नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवरून ‘ससाणा’ हे लढाऊ यान उडतं, ४०० किलोमीटर उंचीवर शत्रूला गाठतं, गर्रकन वळून त्याच्या शेपटीमागे जातं, त्याला उडवतं आणि तासाभरात परत येतं. मग वैमानिक बाई संध्याकाळी फुटाळा तलावावर तर्री पोहे खातात. यात काही खटकतं का, आणि हवा नसताना यानाला पंख ठेवावेत का, असं तुम्ही विचारलंय.

तर्री पोहे सकाळचे बरे, पण ते जाऊ द्या. मी वायुसेनेत तंत्रज्ञ होतो, उमर हँगरमध्ये गेली. त्यामुळे विमानाकडे खालून बघायची सवय आहे, आणि उत्तरही तसंच खालून देतो.

आधी वेग. तुम्ही ताशी १०,००० किलोमीटर लिहिलाय. ऐकायला जबरदस्त वाटतो, पण ४०० किलोमीटरवर कक्षेत टिकायला ताशी सुमारे २७,६०० लागतो, म्हणजे सेकंदाला ७.७ किलोमीटर. तुमच्या वेगाने ससाणा वर पोचेल आणि फेकलेल्या दगडासारखा खाली येईल. हा आकडा बदलणं सोपं आहे. पण तो बदलला की तुमचं ते ‘गर्रकन’ मरतं.

विमान वळतं ते हवेच्या जिवावर. पंख कलले की ज्या उचलीवर विमान तरंगतं तीच त्याला बाजूला ओढते. वर हवा नाही, म्हणून वळणाचा प्रत्येक मीटर इंजिनाने ढकलून मिळवायचा. समजा बाईंनी ९ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या नऊपट दाब, सोसले, जे आजचे लढाऊ वैमानिक जी-सूट घालून, दात-ओठ खात काही सेकंदच सोसतात. तरी ७.७ किलोमीटरच्या वेगाला त्या वळणाची त्रिज्या निघते सुमारे ६७० किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज घ्या. आणि उलट तोंड होईपर्यंत साडेचार मिनिटं सलग ९ जी. बाई तोवर शुद्धीत राहणार नाहीत.

इंधनाचं तर विचारूच नका. त्या अर्ध्या वर्तुळात वेगाची दिशा बदलायला एकूण सेकंदाला २४ किलोमीटरइतका बदल लागतो. हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाच्या झोताचा वेग साधारण ४.४ किलोमीटर. रॉकेटला किती इंधन लागेल ते सांगणारं त्सिओल्कोव्स्कीचं समीकरण १९०३ पासून छापील आहे, त्यात घालून बघा: १ टन वजनाच्या यानाला या एका वळणासाठी सुमारे २३० टन इंधन! २१८० मध्ये इंजिन सुधारलं असेल म्हणाल, तर मान्य. झोताचा वेग दहापट धरा, पाऊण टनात भागेल. फक्त एकदा ठरवलेला आकडा शेवटच्या पानापर्यंत पाळा. वाचक इंजिनावर विश्वास ठेवतो, पण तिसऱ्या पानावर संपलेली टाकी पाचव्या पानावर भरलेली दिसली की अंक मिटवतो.

मग सिनेमात अंतराळयानं कलून कशी वळतात? १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ची हवाई झुंज रचताना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या लढायांची फिल्म समोर ठेवली होती, म्हणून ती तशी दिसते. मला ती आवडते, उगाच नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण तिथल्या एक्स-विंग या लढाऊ यानाची नक्कल कराल तर ती नक्कलच वाटेल. ‘बॅबिलॉन ५’ मालिकेतलं स्टारफ्युरी हे लढाऊ यान बघा. चार लांब हात आणि त्यांच्या टोकांना थ्रस्टर, म्हणजे ढकलणारी छोटी इंजिनं. केंद्रापासून लांब असल्याने थोड्याशा ढकलीत यान स्वतःभोवती फिरतं, मात्र जाण्याची दिशा तीच राहते. तुमच्या बाईंना हेच करू द्या: मार्ग न बदलता तोंड मागे फिरवा, उलटं वाहत जाताना मारा करा. खर्च चिमूटभर, आणि दृश्यही नवं.

आता पंख. काढू नका! नागपूरकराला हे पटकन कळावं. मे महिन्यात ४५ अंशांना कूलर चालतो कारण पाण्याची वाफ होते आणि वारा ती घेऊन जातो. वर वारा नाही. इंजिनाची, तोफांची, बाईंच्या अंगाचीसुद्धा उष्णता फक्त प्रारण होऊन, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर पडते, आणि त्याला पसरट पृष्ठभाग लागतो. स्पेस शटल कक्षेत पोचलं की मालकक्षाची मोठी दारं उघडत असत, कारण उष्णता बाहेर टाकणारे रेडिएटर त्या दारांच्या आत होते. दारं उघडली नाहीत तर मोहीम आवरून परत यावं लागलं असतं. तेव्हा ससाण्याचे पंख म्हणजे रेडिएटर. ते तापून अवरक्त प्रकाशात झळकतात, शत्रूला लांबून दिसतात, आणि एक भोक पडलं तरी घात. म्हणून लढाईत पंख मिटायचे. मिटले की आत उष्णता साठू लागते, घड्याळ सुरू. तुमच्या कथेत मला सगळ्यात जास्त रस इथे आहे, आणि तुम्ही नेमका हाच भाग एका वाक्यात उडवलाय.

परतीचं राहिलं. नागपूर साधारण २१ अंश उत्तरेला. सरळ पूर्वेकडे झेपावलात तर पृथ्वीच्या फिरण्याचा सेकंदाला ४३० मीटरचा फुकट धक्का मिळतो (आणि बूस्टर भंडाऱ्याच्या धानात पडणार नाहीत ना, तेवढं बघा). पण त्या कक्षेतून यान २१ अंशांच्या वर कधीच जात नाही. म्हणजे दिल्लीवरचा हल्ला परतवायला उड्डाण तिरपं हवं. शिवाय एक फेरी दीड तासाची, तुमचा एक तास तिथेच हुकला. तेवढ्यात पृथ्वी २३ अंश फिरते, आणि ससाणा परत येतो तेव्हा त्याच्याखाली फुटाळा नसतो, ओमानचं वाळवंट असतं. नागपूर पुन्हा खाली यायला जवळजवळ दिवस जातो. बाईंना तो दिवस वरच काढू द्या, पंख फाटलेले असताना.

आणि खाली तिची वाट बघणारं कुणीतरी ठेवा. तुमच्या मसुद्यात ससाणा उतरतो, दहा मिनिटांत इंधन भरतो आणि पुन्हा उडतो. शटलच्या अंगावर सुमारे २४ हजार उष्णतारोधक टाइल्स असत, दर खेपेनंतर त्या तपासाव्या लागत. दहा मिनिटांत माझा फोरमन टॉर्चचे सेलही बदलू देत नसे. ‘सही मी करणार, वेळ मी ठरवणार,’ म्हणणारा एक खत्रूड मेकॅनिक टाका. बाई शिडीवर चढून बसल्यात, कमांडर ओरडतोय, आणि हा डाव्या पंखाखाली पाठीवर पडून एका टाइलवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतोय. उड्डाण त्यानंतर लिहा.